इंडिया गेटचा तो फॉरवर्ड पुसून टाका

गेल्या ऑगस्टमध्ये शिरगावात आठ-दहा पोरं जमली होती. शिरगाव म्हणजे मावळातलं, सोमाटणे फाट्यावरून आत वळल्यावर लागणारं, बाहेरच्यांना प्रतिशिर्डीमुळे ठाऊक असलेलं गाव. पोरं आसपासचीच होती, काही तळेगावची, काही देहूरोडची. बसायचं ठरलं होतं शिष्यवृत्तीचे अर्ज भरायला. अर्ज बाजूलाच राहिले, कारण त्यातला एकजण मान खाली घालून गप्प बसला होता.

खोदून विचारल्यावर कळलं. पंधरा ऑगस्टच्या सकाळी त्याने कॉलेजच्या ग्रुपवर तो नेहमीचा फॉरवर्ड टाकला होता. इंडिया गेटवर ९५ हजारांहून जास्त स्वातंत्र्यसैनिकांची नावं कोरलेली आहेत, त्यातली साठ हजारांहून जास्त मुसलमानांची, आणि तरी आम्हाला देशद्रोही म्हणता? दहा मिनिटांत वर्गातल्याच एका मुलाने उत्तर दिलं. इंडिया गेटवर तेरा हजारांच्या आसपास नावं आहेत, ती स्वातंत्र्यसैनिकांची नाहीत, ब्रिटिशांच्या फौजेतल्या सैनिकांची आहेत. खाली एक ओळ: देशभक्त ठरायलाही खोटं बोलावं लागतं का? मग हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. आमच्या पोराने ग्रुप सोडला.

सगळं सांगून झाल्यावर त्याने मला विचारलं, "चाचा, मग त्यात आपलं काहीच नाही का?"

या प्रश्नाचं उत्तर देण्याआधी एक गोष्ट रोखठोक सांगायला हवी. त्या दिवशी वर्गमित्राने केलेली टिंगल वाईट होती, पण त्याची माहिती बरोबर होती. चूक आपली होती. आणि ती एका पोराची चूक नाही. दर पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीला हा मजकूर आपल्या मोठ्या माणसांच्या मोबाइलवरून पोरांच्या मोबाइलवर उतरतो. मशिदीच्या बाहेर तो वाचून दाखवला जातो, जलशांत भाषणात येतो. कुणी तपासत नाही. सूरह हुजुरातमध्ये आलेल्या बातमीची आधी शहानिशा करा, नाहीतर पुढे पस्तावाल, असा हुकूम आहे. तो आपण खुतब्यात ऐकतो आणि बाहेर येऊन फॉरवर्डचं बटण दाबतो.

इंडिया गेट कशाचं स्मारक आहे?

दिल्लीतली ती कमान पहिल्या महायुद्धात आणि १९१९ च्या तिसऱ्या अफगाण युद्धात मेलेल्या हिंदी फौजेची आठवण म्हणून उभी राहिली. १९२१ मध्ये पायाभरणी झाली, १९३१ मध्ये उद्घाटन झालं. आराखडा एडविन लट्येन्स यांचा. स्मारक सत्तर हजारांच्या आसपास मृतांचं असलं तरी कोरलेली नावं १३ हजारांच्या थोडी वर आहेत, आणि त्यांत ब्रिटिश अधिकाऱ्यांचीही आहेत. बांधणारं सरकार इंग्रजांचं. आपल्याविरुद्ध लढलेल्यांची नावं इंग्रज सरकार आपल्याच कमानीवर कशी कोरेल, एवढा साधा प्रश्न जरी आपण स्वतःला विचारला असता, तरी त्या पोरावर ती सकाळ आली नसती.

म्हणजे आपण ज्या दगडाकडे बोट दाखवून स्वातंत्र्यलढा म्हणतो, तो दगड एका जागतिक युद्धाचा आहे. मग त्या युद्धाकडेच नीट पाहू. कारण खरी गोष्ट त्या फॉरवर्डपेक्षा कितीतरी मोठी आहे, आणि ती पुण्यापासून सुरू होते.

पुण्याची डिव्हिजन

पहिलं महायुद्ध म्हटलं की डोळ्यांसमोर फ्रान्सचे खंदक येतात. सिनेमे तिथलेच, पुस्तकं तिथलीच. पण त्या युद्धात हिंदुस्थानातून सर्वांत जास्त माणसं गेली ती मेसोपोटेमियाला, म्हणजे आजच्या इराकला. आणि तिथे सगळ्यात आधी उतरली ती सहावी पुणे डिव्हिजन.

तिची पहिली ब्रिगेड ऑक्टोबर १९१४ मध्ये मुंबई बंदरातून निघाली. ६ नोव्हेंबरला ती इराणच्या आखाताच्या टोकाला फाव येथे उतरली आणि त्याच महिन्यात तिने बसरा घेतलं. इंग्रजांना तिथे अबादानचं तेल राखायचं होतं. त्या पहिल्या ब्रिगेडमध्ये ११७ वी मराठा पलटण होती. पुढे १०३ आणि ११० या मराठा पलटणीही त्याच डिव्हिजनमधून लढल्या. पुण्याहून मुंबई बंदराकडे जाणारी रेल्वे तेव्हाही तळेगाव, लोणावळा आणि बोरघाटातूनच जात होती. शिरगावची पोरं आज ज्या लोकलने कॉलेजला जातात, तीच ती वाट.

आता या पलटणींची रचना पाहा. त्या काळच्या मराठा पलटणीत साधारणपणे आठ कंपन्या असत: चार देशावरच्या मराठ्यांच्या, दोन कोकणी मराठ्यांच्या आणि दोन दख्खनी मुसलमानांच्या. होय, मराठा पलटणीत दख्खनी मुसलमान. आपल्याच जिल्ह्यांतले, घरात दख्खनी आणि बाजारात मराठी बोलणारे. 'मराठा' हे नाव लावून ते टायग्रिसच्या चिखलात उभे होते. हे ना त्या फॉरवर्डमध्ये आहे, ना आपल्याला टोमणे मारणाऱ्यांच्या डोक्यात. दोघांनाही ही गोष्ट गैरसोयीचीच आहे.

एका आघाडीची गाठ दुसरीला

त्या युद्धाचं खरं रूप समजायचं तर एकेक लढाई सुटी पाहून चालत नाही. एका ठिकाणी दोर ओढला की हजार कोसांवर गाठ बसे.

१९१४ च्या शरदात बेल्जियममध्ये ईप्रची आघाडी फाटायला आली होती. इंग्रजांकडे शिकवून तयार केलेली माणसं उरली नव्हती. तिथे हिंदी फौज ओतली गेली. ३१ ऑक्टोबर १९१४ रोजी होलेबेके येथे १२९ व्या बलुच पलटणीचा शिपाई खुदादाद खान मशिनगनवर एकटा उरेपर्यंत लढला. व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारा तो पहिला हिंदी सैनिक.

एप्रिल १९१५ मध्ये इंग्रज-फ्रेंच फौजा गॅलिपोलीला उतरल्या. इस्तंबूल घेऊन तुर्कस्तानला युद्धातून बाद करायचा बेत होता. तुर्कांनी त्यांना किनाऱ्यावरच रोखून धरलं. ऑक्टोबरपर्यंत लंडनला कळून चुकलं की हा डाव हरला. इभ्रत वाचवायला कुठेतरी विजय हवा होता. नकाशावर बगदाद जवळ दिसत होतं. पुणे डिव्हिजन तोपर्यंत टायग्रिसच्या काठाने कूतपर्यंत पोचली होती. माणसं थकलेली, होड्या कमी, दवाखान्याची सोय जवळपास नाहीच. तरीही पुढे जाण्याचा हुकूम आला. गॅलिपोलीच्या पराभवाची किंमत पुण्याच्या पलटणींनी चुकती करायची होती.

२२ नोव्हेंबर १९१५ रोजी बगदादच्या अलीकडे लढाई जुंपली. इंग्रजी पुस्तकांत तिचं नाव टेसिफॉन. तिथल्या लोकांसाठी ते गाव सलमान पाक, म्हणजे रसूलुल्लाहचे सहाबी हजरत सलमान फारसी यांच्या मजारीचं ठिकाण. मुसलमान शिपाई त्या जागी गोळी चालवायला कचरतील, या भीतीने इंग्रजांनी सरकारी कागदांत सलमान पाक हे नावच टाळलं आणि जुनं ग्रीक नाव वापरलं. साम्राज्याला आपल्या शिपायाच्या मनात काय चाललंय हे बरोबर कळत होतं. त्यावर त्याने उपाय काढला तो एवढाच, की गावाचं नाव बदलायचं.

त्या लढाईत डिव्हिजनची चार हजारांहून जास्त माणसं मेली किंवा जखमी झाली. जखमींना उघड्या होड्यांत कोंबून दिवसचे दिवस नदीवरून खाली नेलं गेलं, त्यांच्या जखमांत किडे पडले. उरलेली फौज मागे हटून कूतमध्ये शिरली आणि ७ डिसेंबरला तुर्कांनी वेढा घातला.

वेढा फोडायला कोण आलं? फ्रान्सच्या खंदकांतून काढलेल्या लाहोर आणि मेरठ डिव्हिजन. ईप्रला आणि नव शापेलला लढून अर्ध्या झालेल्या पलटणी आता टायग्रिसच्या पुरात कूतकडे ढकलल्या गेल्या. जानेवारी ते एप्रिल १९१६ या चार महिन्यांत वेढा फोडायच्या प्रयत्नांत सुमारे २३ हजार माणसं मेली किंवा जखमी झाली. कूतमध्ये सुमारे १३ हजारजण अडकले होते. वेढा सुटला नाही.

आत अन्न संपत आलं. इंग्रज घोड्याचं मांस खाऊ लागले. हिंदी शिपायांनी, हिंदूंनी आणि मुसलमानांनीही, ते खायला नकार दिला. हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून तारेने परवानगी मागवण्यात आली, तरीही कित्येक आठवडे बहुतेकांनी हात लावला नाही. एकाच पातेल्यासमोर दोघेही उपाशी बसले, आपापल्या कारणाने. २९ एप्रिल १९१६ रोजी कूत पडलं. कैद्यांना वाळवंटातून पायी नेलं गेलं, पुढे बगदाद रेल्वेच्या कामाला जुंपलं गेलं. त्यातले हजारो परत आले नाहीत.

पण साखळी इथे तुटत नाही. कूत जिंकल्यावर तुर्कांनी आपलं एक मोठं सैन्य इराणात रशियनांवर पाठवलं. पुढच्या हिवाळ्यात इंग्रज पुन्हा चालून आले तेव्हा ते सैन्य वेळेत परतू शकलं नाही, आणि ११ मार्च १९१७ रोजी बगदाद पडलं. मार्च १९१८ मध्ये जर्मनांनी फ्रान्समध्ये शेवटची जबरदस्त मुसंडी मारली. तिला अडवायला पॅलेस्टाइनमधल्या इंग्रज पलटणी फ्रान्सला गेल्या आणि त्यांच्या जागी हिंदी पलटणी आल्या. लाहोर आणि मेरठ डिव्हिजन मेसोपोटेमियातून पॅलेस्टाइनला पोचल्या. सप्टेंबर १९१८ मध्ये मेगिद्दोला तुर्कांची फळी फुटली, १ ऑक्टोबरला दमास्कस गेलं, ३० ऑक्टोबरला तुर्कस्तानने शस्त्रं ठेवली. त्याआधीच बल्गेरिया कोसळला होता. ११ नोव्हेंबरला जर्मनी थांबला.

ईप्र, कूत, मेगिद्दो. तीन आघाड्या, आणि तिन्हींवर त्याच डिव्हिजनचे शिक्के. हे युद्ध फ्रान्समध्ये जिंकलं गेलं, असं म्हणणारा अर्धंच सांगतो. ते जिंकलं गेलं कारण एका साम्राज्याकडे एका खंडातून उचलून दुसऱ्या खंडात टाकता येईल अशी माणसं होती. तेरा लाखांच्या आसपास माणसं हिंदुस्थानातून गेली, सत्तर हजारांहून जास्त मेली.

'मुसलमान' हा एक रकाना नव्हता

आता त्या फॉरवर्डमधला खरा घोटाळा पाहा. तो मुसलमानांचा एक आकडा मांडतो, जणू ते सगळे एका बाजूला, एकाच मनाने उभे होते. इतिहास असा नव्हता.

नोव्हेंबर १९१४ मध्ये इस्तंबूलच्या खलिफाने इंग्रजांविरुद्ध जिहाद पुकारला. हिंदुस्थानातल्या मुसलमान शिपायाला आता दोन निष्ठांमध्ये उभं राहायचं होतं. प्रत्येकाने आपापलं उत्तर काढलं. फेब्रुवारी १९१५ मध्ये सिंगापूरला पाचव्या लाइट इन्फंट्रीच्या मुसलमान शिपायांनी बंड केलं आणि ४७ जणांना गोळ्या घालण्यात आल्या. १९१६ च्या सुरुवातीला बसऱ्यात १५ व्या लान्सर्सच्या चारशेहून अधिक स्वारांनी पवित्र स्थळांच्या मुलखात लढायला नकार दिला. त्यांच्यावर खटले चालले. आणि त्याच वेळी, त्याच नदीच्या वरच्या अंगाला, दख्खनी मुसलमान कूतच्या खंदकात पाय रोवून होते. कैदेत गेल्यावर तुर्कांनी मुसलमान कैद्यांना वेगळं काढून आपल्याकडे वळवायचा प्रयत्न केला, त्यालाही कुणी होकार दिला, कुणी नकार.

एका घरातही उत्तर एक नव्हतं. आफ्रिदी जमादार मीर दस्तला एप्रिल १९१५ मध्ये ईप्रच्या विषारी वायूत दाखवलेल्या हिमतीबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याच्या आदल्याच महिन्यात त्याचा सख्खा भाऊ मीर मस्त जर्मनांना जाऊन मिळाला होता, आणि नंतर तो जर्मन मोहिमेबरोबर अफगाणिस्तानात गेला. त्याच काबूलमध्ये १ डिसेंबर १९१५ रोजी हिंदुस्थानचं पहिलं हंगामी सरकार जाहीर झालं. राष्ट्राध्यक्ष राजा महेंद्र प्रताप, पंतप्रधान मौलाना बरकतुल्लाह भोपाली, गृहमंत्री मौलाना उबैदुल्लाह सिंधी. त्या क्षणी पुण्याची फौज टायग्रिसवर इंग्रजांसाठी माघार घेत लढत होती.

यात देशभक्त कोण? मीर दस्त की मीर मस्त? कूतचा शिपाई की सिंगापूरचा बंडखोर? फॉरवर्डला हा प्रश्न पेलत नाही, म्हणून तो सगळ्यांना एकाच आकड्यात कोंबतो. आपल्याला तो पेलता आला पाहिजे. महिना अकरा रुपयांच्या पगारावर गेलेला दख्खनचा पोरगा मूर्ख नव्हता. दुष्काळाने आणि प्लेगने पोळलेल्या गावात घर चालवायला त्याच्याकडे दुसरी वाट नव्हती. त्याला गद्दार म्हणणं जितकं खोटं, तितकंच त्याला स्वातंत्र्यसैनिक म्हणणंही खोटं. तो आपला होता, एवढं मात्र खरं.

रक्ताच्या बदल्यात हक्क

मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते यावर. तो फॉरवर्ड खोटा आहे, हे त्याचं लहान पाप. मोठं पाप हे, की तो एक सौदा मान्य करतो: आम्ही इतकं रक्त दिलं, म्हणून आम्हाला इथे राहू द्या.

हा सौदा शंभर वर्षांपूर्वी अख्ख्या देशाने करून पाहिला आहे. मंडालेहून सुटून आलेल्या टिळकांनी पुण्यातून सरकारला सांगितलं की माणसं देतो, पण स्वराज्याचा शब्द द्या. गांधीजी १९१८ मध्ये खेड्यात फिरून सैन्यभरती करत होते. लीग आणि काँग्रेस १९१६ मध्ये लखनौला एकत्र आली, त्यामागेही हाच हिशेब होता, की युद्धानंतर सरकारला ऋण फेडावंच लागेल.

काही काळ हिशेब जुळतोय असं वाटलं, आणि त्यातही कूतचाच हात होता. मेसोपोटेमियातल्या हलगर्जीपणाची चौकशी झाली. जून १९१७ मध्ये अहवाल बाहेर आला, भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांना राजीनामा द्यावा लागला. त्यांच्या जागी मॉन्टेग्यू आले आणि २० ऑगस्ट १९१७ रोजी त्यांनी हिंदुस्थानला टप्प्याटप्प्याने जबाबदार राज्यपद्धती देण्याची घोषणा केली. पुण्याच्या डिव्हिजनचा बळी गेला नसता तर ती घोषणा त्या वर्षी, त्या माणसाच्या तोंडून आली नसती.

पण युद्ध संपलं आणि साम्राज्याची गरज संपली. मार्च १९१९ मध्ये रौलट कायदा आला. १३ एप्रिलला जालियनवाला बाग झालं, ज्या पंजाबने सगळ्यात जास्त शिपाई दिले होते त्याच पंजाबात. खलिफाच्या मुलखाची वाटणी झाली, मुसलमान शिपायांना दिलेले दिलासे हवेत विरले. १९२० मध्ये इराकी जनता इंग्रजांविरुद्ध उठली, तेव्हा तिला चिरडायला पुन्हा हिंदी पलटणीच वापरल्या गेल्या. रक्त देऊन हक्क विकत घ्यायला गेलेल्यांना पावतीही मिळाली नाही.

शेवटी हक्क मिळाले ते दुसऱ्या रस्त्याने: रौलटविरुद्ध रस्त्यावर आलेल्या लोकांमुळे, तुरुंगात गेलेल्यांमुळे, संपावर गेलेल्या गिरणी कामगारांमुळे, महाडच्या तळ्यावर पाणी प्यायलेल्यांमुळे. आणि ते लिहिले गेले संविधानात. त्या संविधानाचं कलम पाच उघडून पाहा. इथे राहणारा आणि इथे जन्मलेला माणूस नागरिक आहे. तुमच्या पणजोबांनी किती रक्त सांडलं, असा रकाना त्यात नाही. कलम चौदा आणि पंधरामध्येही नाही. तो रकाना ज्यांनी तयार केला त्यांनी तो संविधानाच्या बाहेर तयार केला. आपण दर पंधरा ऑगस्टला तो भरून देतो, म्हणून तो टिकून आहे.

काहीजण म्हणतील, हे बोलायला सोपं आहे. समोरचा गद्दार म्हणतो तेव्हा गप्प बसायचं का? गप्प बसायचं नाही. पण पुरावाही द्यायचा नाही. उलट विचारायचं, की हा प्रश्न विचारायचा हक्क तुला कुणी दिला? ज्याला खरंच जाणून घ्यायचंय त्याच्याशी तासभर बसून बोला, कूतपासून काबूलपर्यंत सगळं सांगा, आपल्याला न शोभणारंही सांगा. ज्याला फक्त हिणवायचंय त्याला साठ हजारांचा आकडा दिला काय आणि सहा लाखांचा दिला काय, तो उद्या नवा पुरावा मागणारच. परीक्षा घेणाऱ्याला तुम्ही पास व्हायला नकोच आहात.

दुसरे म्हणतील, आकडा चुकला असेल, पण भावना चांगली आहे. त्या भावनेने एका पोराला भर वर्गात खाली पाहायला लावलं. उद्या तो एखादी खरी गोष्ट सांगेल, बरकतुल्लाहांची, बसऱ्याच्या स्वारांची, तेव्हाही लोक हसतील, कारण एकदा खोटं सापडलेलं असेल. खोट्या आकड्याने आपल्या खऱ्या माणसांची साक्ष बाद होते.

नावं शोधा

बसऱ्याला मेसोपोटेमियात मेलेल्या चाळीस हजारांहून जास्त जणांचं स्मारक आहे. तिथे अधिकाऱ्यांची नावं कोरली गेली. साध्या हिंदी शिपायांची मात्र बहुतांशी पलटणीनुसार फक्त संख्या लिहिली गेली. साम्राज्याच्या लेखी तो माणूस नव्हता, आकडा होता. आणि शंभर वर्षांनी आपण काय करतो? त्यांचा आकडाच करतो, तोही खोटा.

मग काय करायचं, तेही सांगतो. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या नोंदी आता कुणालाही पाहता येतात. त्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणींची पानं उघडा. तिथे मराठा नावांच्या शेजारी मुसलमान नावं शोधा, गावं-जिल्हे दिलेले असतील तिथे ते टिपा. पुणे, सातारा, कोकणात अनेक गावांत संगमरवरी पाट्या आहेत: या गावातून इतके लोक महायुद्धात गेले, इतके कामी आले. चावडीच्या भिंतीत, शाळेच्या ओट्यावर, कधी चुन्याच्या थराखाली. साताऱ्याच्या अपशिंगे गावाने आपले ४६ मृत आजही विसरलेले नाहीत. आपल्या गावातल्या पाटीचा फोटो काढा, पाटी नसेल तर जुन्या माणसांकडे बसा. कुणाच्या घरी बसऱ्याचं पदक पत्र्याच्या पेटीत असेल. खडकीच्या युद्ध स्मारकाला जाऊन या, अर्ध्या दिवसाचा प्रवास आहे.

आणि हे शोधताना फक्त मुसलमान नावं शोधू नका. ११७ व्या पलटणीला पुढे 'रॉयल' हा किताब मिळाला, तो दोन कंपन्यांना नव्हे, सगळ्या पलटणीला. त्याच युद्धाच्या गरजेपोटी १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी केली गेली आणि गरज सरताच काही वर्षांत मोडली गेली. त्या शिपायांच्या नातवंडांशी बोला. रक्ताचा सौदा कसा फसतो, हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त चांगलं ठाऊक आहे. आपली गोष्ट आणि त्यांची गोष्ट एकाच बोटीतली आहे.

त्या दिवशी शिरगावात त्या पोराला मी जे उत्तर दिलं, तेच इथे लिहितो. बेटा, त्यात आपलं आहे. इंडिया गेटच्या फॉरवर्डमध्ये नाही, पण टायग्रिसच्या काठावर आहे, काबूलच्या सरकारात आहे, सिंगापूरच्या भिंतीसमोर आहे. त्यातलं काही अभिमानाचं आहे, काही दुःखाचं, काही असं की अजून कुणालाच नीट नाव देता आलेलं नाही. सगळं आपलं आहे. पण ते हातात घेऊन तू कुणाच्या दारात हजेरी द्यायला जाऊ नकोस. तू इथला आहेस हे संविधानाने लिहून ठेवलंय. इतिहास तू स्वतःसाठी वाच.

त्याने खिशातून मोबाइल काढला आणि तो मजकूर पुसला. मग आम्ही शिष्यवृत्तीचे अर्ज भरायला बसलो. शेवटची तारीख जवळ आली होती.